चूक पेढीची, अब्रू गिऱ्हाइकाची

पैसे मोजून देतांना पेढीवरील कारकुनाच्या हातून शंभराची एक नोट जास्त गेली, तर ती परत करावी कीं न करावी, या प्रश्नाचें उत्तर कोणत्याहि सुसंस्कृत घरांतील दहा वर्षांचें मूल देऊं शकेल. परंतु ती परत न करणाऱ्याचें चित्र पेढीनें आपल्या दारावर चिकटवावें काय, हा प्रश्न इतका सोपा नाहीं. आफ्रिकेंतील इथिओपिया देशांत २०२४ सालीं तो प्रत्यक्ष उभा राहिला, आणि तेथील सर्वांत मोठ्या बँकेनें त्याचें उत्तर ‘चिकटवावें’ असें दिलें.

कमर्शियल बँक ऑफ इथिओपिया ही १९४२ सालीं स्थापन झालेली सरकारी मालकीची बँक. तिचे खातेदार जवळजवळ चार कोटी. १५ मार्च २०२४ रोजीं, शुक्रवारीं रात्रीं, तिच्या यंत्रणेंत नेहमींच्या देखभालीचा म्हणून कांहीं बदल करण्यांत आला, आणि त्यांत कोठेंतरी असें बिनसलें कीं खात्यावर शिल्लक किती आहे याची विचारपूस न करतांच यंत्रें पैसे देऊं लागलीं. ही वार्ता लागली ती प्रामुख्यानें विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना. एकानें दुसऱ्यास दूरध्वनीवरून निरोप धाडला, दुसऱ्यानें चौघांस. आणि भर रात्रीं विद्यापीठांच्या आवारांतील एटीएम यंत्रांपुढें रांगा लागल्या. बँकेनें शेवटीं सर्व व्यवहार कांहीं तास बंद ठेवले. परंतु तोंपर्यंत जवळजवळ पांच लाख व्यवहार होऊन गेले होते. बाहेरच्या कोणीं यंत्रणेवर हल्ला केलेला नव्हता, हें बँकेनेंच सांगितलें. म्हणजे चूक घरचीच होती.

प्रारंभीं वर्तमानपत्रांतून चार कोटी डॉलरांचा आंकडा झळकला. पुढें बँकेचे अध्यक्ष अबे सानो यांनीं एकूण ८० कोटी १० लक्ष बिर, म्हणजे सुमारें १ कोटी ४० लक्ष डॉलर, गेल्याचें जाहीर केलें. पैसे आणून देणाऱ्यांवर खटला भरणार नाहीं असें आश्वासन देण्यांत आलें. विद्यापीठांनींहि आपल्या विद्यार्थ्यांस तोच सल्ला दिला. त्याचा परिणाम झाला. मार्च संपण्यापूर्वींच रकमेचा सुमारें तीन-चतुर्थांश भाग परत आला होता. सुमारें पंधरा हजार माणसांनीं कोणी सर्व, कोणी कांहीं, असे पैसे आणून भरले होते. मुळींच न देणारे उरले ते ५६७. त्यांना खटल्याचा इशारा मिळाला, त्यांचीं नांवें प्रसिद्ध झालीं, आणि शाखांच्या बाहेर त्यांतील कित्येकांच्या चेहऱ्यांचे फलक लागले.

हे ५६७ जण निरपराध होते असें म्हणण्याचें कारण नाहीं. यंत्राच्या तोंडून पैसा पडला म्हणजे तो आपला झाला, असें कोणत्याहि देशाचा कायदा म्हणत नाहीं. आपल्याकडील १८७२ च्या करार कायद्याचें ७२ वें कलम तर स्पष्टच सांगतें कीं, चुकीनें मिळालेला पैसा घेणाऱ्यानें परत केला पाहिजे. देणाऱ्याची चूक ही घेणाऱ्याची मिळकत होत नाहीं. शिवाय बँक सरकारी. तिचें नुकसान तें शेवटीं लोकांचेंच. अध्यक्षांच्या जागीं बसून पाहिलें तर त्यांचा संतापहि समजूं शकतो. वसुलीचा हक्क बँकेला होता, पोलिसांकडे जाण्याचाहि होता. प्रश्न त्यांपलीकडील तिसऱ्या उपायाचा आहे.

तो फलक कशाचा बनलेला होता हें आधीं पाहिलें पाहिजे. खातें उघडतांना गिऱ्हाईक आपलें छायाचित्र देतें तें एवढ्याचसाठीं कीं, त्याच्या पैशावर दुसऱ्या कोणीं हात मारूं नये. तें चित्र म्हणजे पेढीकडे ठेवलेली ठेवच होय. पैशांइतकीच, किंबहुना पैशांहून नाजूक. ज्या चित्रानें मालकाचें रक्षण करावयाचें, तेंच चित्र काढून भिंतीवर लावणें म्हणजे ठेवीचा ठेवीदाराविरुद्ध उपयोग करणें. आणि तेंहि अशा पेढीनें, जिच्या हातून पहिली ठेव सांभाळण्यांत नुकतीच एवढी ढिलाई झालेली! गिऱ्हाइकाच्या शब्दाची जबाबदारी पेढी त्याच्या गळ्यांत बांधते. आपल्या शब्दाचें काय, हें मात्र कोणी विचारावयाचें नाहीं.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. या ५६७ नांवांची यादी कोठून आली? बँकेच्याच वह्यांतून, म्हणजे ज्या यंत्रणेला त्या रात्रीं कोणाचे किती पैसे आहेत हें कळेनासें झालें होतें, तिच्याच नोंदींतून. त्या नोंदी पुढें तपासल्या गेल्या असतील, आणि त्यांतील बहुतेक बरोबरहि असतील. परंतु वसतिगृहांत एकाचें कार्ड दुसरा वापरतो, भावाच्या खात्यावर बहिणीचे पैसे येतात, कोणी आजारी पडून गांवीं गेलेला असतो आणि त्याला निरोपच पोंचत नाहीं. न्यायाधीशापुढें या सर्वांना तोंड उघडतां येतें; फलकावरील चेहऱ्याला तें येत नाहीं. पाहणारास पांचशे बिर घेऊन घाबरलेला आणि पन्नास हजार घेऊन पसार झालेला, दोघेहि सारखेच चोर दिसतात. रक्कम उद्यां भरतां येते. चेहरा एकदां लोकांनीं पाहिला, आणि आजच्या काळांत तर त्याची प्रत हजारों दूरध्वनींत गेली, म्हणजे पैसे भरून फलक उतरविला तरी ती प्रत उतरत नाहीं. खटला हरलेल्या माणसाच्या शिक्षेलाहि कांहीं मुदत असते. या शिक्षेला ती नाहीं.

कोणी म्हणेल, देणें बुडविणाऱ्यास लाजविण्याची चाल आपल्याकडेहि होतीच. होती, हें खरें. मराठेशाहींत ऋणकोच्या दारांत धनकोनें धरणें धरून बसावें ही रूढ गोष्ट होती, आणि तिचा सारा जोर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नजरेंतच होता. परंतु एक भेद लक्षांत घेण्यासारखा आहे. धरणें धरणारा स्वतः उपाशी बसे. उन्हातान्हांत, लोकांच्या डोळ्यांदेखत, आपल्या मागणीचा भार तो आपल्याच पोटावर घेई. मागणी खोटी ठरली तर हसें त्याचेंहि होई. त्या चालीचें गुणगान करावयाचें नाहीं. तींत जुलूमहि पुष्कळ झाला. तथापि लाजविणाऱ्यालाहि तेथें कांहीं किंमत मोजावी लागे. बँकेला एका फलकाला लागतो तो केवळ छपाईचा खर्च.

आणि ही लाज सर्वांनाच सारखी लागूं होते असेंहि नाहीं. ऑगस्ट २०२० मध्यें अमेरिकेंतील सिटीबँकेच्या हातून अशीच, परंतु कितीतरी मोठी, चूक झाली. रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या धनकोंना तिनें सुमारें ७८ लक्ष डॉलर व्याज पोंचवावयाचें होतें. गेले जवळजवळ ९० कोटी, आणि तेहि बँकेच्या पदरचे. कांहीं धनकोंनीं पैसे परत केले. इतर कित्येक संस्थांनीं, दुसऱ्यांचा पैसा सांभाळणाऱ्या मोठमोठ्या संस्थांनीं, सुमारें ५० कोटी डॉलर परत करण्यास साफ नकार दिला. इथिओपियांतील साऱ्या रकमेच्या पस्तीसपट ही रक्कम! त्यांचें म्हणणें अगदींच पोकळ नव्हतें. कर्ज खरोखरीच येणें होतें, मुदत तेवढी भरली नव्हती. फेब्रुवारी २०२१ मध्यें न्यायालयानें तें मान्यहि केलें. सप्टेंबर २०२२ मध्यें वरच्या न्यायालयानें तो निकाल फिरविला. दोन वर्षें वकिलांनीं युक्तिवाद केले, न्यायाधीशांनीं ते शांतपणें ऐकले. त्या संस्थांच्या चालकांचीं छायाचित्रें सिटीबँकेनें आपल्या शाखांच्या काचांवर लावलीं नाहींत. तसें करावें असें कोणाच्या मनांतहि आलें नसावें.

भारतांतील बँकांनाहि हा मोह पडत आला आहे. रिझर्व्ह बँकेनें २०१६ सालीं कर्ज बुडविणाऱ्यांचीं छायाचित्रें छापण्यास वाट करून दिली. परंतु ती सरसकट नव्हे. ऐपत असून मुद्दाम कर्ज बुडविणारा, असें ज्याच्याविषयीं रीतसर ठरलें आहे, त्याचेंच चित्र छापतां येतें. आणि तसें ठरविण्यापूर्वीं त्याचें म्हणणें ऐकावें लागतें. डिसेंबर २०२४ मध्यें केरळच्या उच्च न्यायालयानें एका सहकारी संस्थेच्या बाबतींत त्याहून पुढें जाऊन म्हटलें कीं, थकबाकीदारांचीं नांवें व चित्रें चारचौघांत लावून किंवा लावण्याचा धाक घालून वसुली करणें हा माणसाच्या प्रतिष्ठेवर व खासगीपणावर घाला होय. हे थकबाकीदार कोणी पाहुणे म्हणून आलेले नव्हते. त्यांनीं स्वतः सही करून कर्ज घेतलें होतें. अदिस अबाबाच्या भिंतीवरील विद्यार्थ्यानें कर्ज मागितलेंहि नव्हतें. त्याच्यापुढें अर्ध्या रात्रीं एक दार उघडें टाकलें गेलें, आणि तो आंत शिरला. शिरावयास नको होतें. पण दाराच्या पहारेकऱ्यानेंच सकाळीं त्याची धिंड काढावी, हें कसेंसेंच वाटतें.

त्या बदलाचें काम ज्यांच्याकडे होतें, त्यांचीं छायाचित्रें मात्र फलकावर नव्हतीं, आणि तीं तेथें असावयास नकोच होतीं. तशा माणसांची चौकशी कार्यालयांत, दार लावून, त्यांचें म्हणणें लिहून घेऊन करावयाची असते. गिऱ्हाइकांसाठींहि याहून निराळी सोय लागत नव्हती. नांवें ठाऊक होतीं, पत्ते ठाऊक होते. हप्त्यांनीं फेडण्याची सवलत देतां आली असती, आणि जो त्यालाहि बधला नाहीं त्याला न्यायालयांत खेचतां आलें असतें. पंधरा हजार लोक चेहरा न दाखवितां वळले होते. राहिलेल्या ५६७ जणांना एकेक पत्र लिहावयास एका कारकुनाला फार तर दोन आठवडे लागले असते.