सावलीचा भार कोणी सोसायचा?

आज आपण ज्या शिंगणापुरात जमलो आहोत, तेथील शनीची शिळा उघड्या आकाशाखाली उभी आहे. पुराणकारांनी शनीला सूर्य आणि छाया यांचा पुत्र मानले. आपला आजचा विषयही सूर्य आणि छाया हाच आहे; मात्र त्याचा निवाडा ग्रहांवर न सोपविता आपणच करावयाचा आहे.

शेतकऱ्याला रात्री-अपरात्री साप-विंचवाच्या भयात पाणी भरावे लागू नये, यासाठी दिवसा वीज मिळावी ही मागणी जुनी आहे. २०१७ साली राज्य सरकारने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. तिच्या आरंभीच्या प्रकल्पांपैकी एक आपल्याच जिल्ह्यात, राळेगणसिद्धीला उभा राहिला. उपकेंद्राजवळ सौरवीज निर्माण करून ११ केव्हीच्या वाहिनीवर शेतीपंप चालवावयाचे, ही कल्पना स्वागतार्हच आहे.

परंतु प्रकल्पावरून दाट ढग सरकला की मिनिटा-दोन मिनिटांत उत्पादन निम्म्याच्याही खाली येऊ शकते. पंप तर चालूच असतात. मग ती तूट दूरच्या मोठ्या उपकेंद्रातून, लांब तारांवरून भरून काढावी लागते. तारा जुन्या आणि बारीक असल्या की विद्युतदाब घसरतो, आणि सर्वांत अधिक घसरतो तो वाहिनीच्या शेवटच्या डीपीवर. कमी दाबाने मोटार अधिक प्रवाह ओढते, तापते आणि अखेर जळते. ढगाला बोल लावून काय उपयोग? मोटार भरून घेण्याचा भुर्दंड पडतो तो टोकाच्या शेतकऱ्यावर.

याला उपाय आहेत. ढग सबंध जिल्ह्यावरून एकाच क्षणी जात नाही. म्हणून प्रकल्प अनेक उपकेंद्रांवर विखुरलेले असले की एकूण उत्पादनातील चढउतार सौम्य होतात. उपकेंद्रात बॅटरी असेल तर काही मिनिटांची तूट जागीच भरून निघते. तासांच्या तुटीसाठी पाणी वर चढवून साठविता येते. अकोले तालुक्यातील घाटघर येथे वरचे धरण असलेला २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प २००८ साली याच तत्त्वावर उभा राहिला.

तेव्हा गावाची गायरान जमीन सौर प्रकल्पासाठी मागितली जाईल, त्या ग्रामसभेत कार्यकर्त्यांनी उभे राहून विचारावे: शेवटच्या डीपीवर दाब किती राहील? तारा केव्हा बदलणार? बॅटरीचा खर्च कोण करणार? जमीन साऱ्या गावाची असेल, तर सावलीचा भार एकट्या टोकाच्या शेतकऱ्याने का वाहावा? उत्तरे लेखी घ्यावीत, आणि मगच ठरावाला हात वर करावा.