अडकित्त्यावरचा पोपट



पुण्यात शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलं असेल. रांगेनं आत, रांगेनं बाहेर. संग्रह सुमारे वीस हजार वस्तूंचा. तो एका दुपारी उरकायला निघालं की काहीच दिसत नाही. म्हणून माझं एक सांगणं आहे. या सुट्टीत पुन्हा जा, आणि अडकित्त्यांपुढे निवांत उभे राहा.

सुपारी कातरायला दोन दांड्या, एक पातं आणि एक खीळ पुरते. पण इथे कुठे अडकित्त्याचा पोपट झाला आहे, कुठे घोडा, कुठे दोन दांड्यांचं मिळून एक जोडपं. सुपारी त्यानं अधिक बारीक कातरली जात नाही. तरी घडवणाऱ्यानं तो पोपट घडवला, आणि वापरणाऱ्यानं तो हौसेनं घेतला. जेवण झालं, पानाचा डबा उघडला, की रोज तो पोपट हाती यायचा.

मला त्याहून जास्त भिडते ती वज्री. तरुण मंडळींना सांगायला हवं: न्हाताना टाचा घासायची ही पितळी वस्तू. तळ खरखरीत, आणि वर मूठ म्हणून एखादा पक्षी नाहीतर प्राणी. अडकित्ता निदान बैठकीत चारचौघांपुढे यायचा. वज्री पाहायला न्हाणीघरात कोण येणार? ते नक्षीकाम एका माणसासाठी होतं, त्याच्या अंघोळीच्या त्या थोड्याशा वेळासाठी. रोजच्या क्षणाचा इतका मान राखणारी माणसं आपल्याच घरांत नांदून गेली, याचा मला फार आनंद होतो.

हे सारं जमवणारे दिनकर गंगाधर केळकर १८९६ साली जन्मले. 'अज्ञातवासी' या नावानं त्यांनी कविता लिहिली. चरितार्थासाठी चष्म्याचं दुकान. शस्त्रं, वाद्यं, कोरीव दरवाजे त्यांनी आणलेच, पण दिवे, दौती, फण्या, किसण्या, विळ्या यांच्यासाठीही ते गावोगाव हिंडले. मोडीत निघालेलं पितळ म्हणून जे वितळवलं गेलं असतं, त्यातलं कितीतरी त्यांच्या नजरेमुळे वाचलं. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. त्यांचा एकुलता एक मुलगा राजा लहानपणीच गेला. संग्रहालयाचं नाव त्या मुलाचं आहे. १९७५ साली केळकरांनी हा सगळा ठेवा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. या कामानं त्यांचं दुःख हलकं झालं असेल, असं म्हणायचं धाडस मी करणार नाही. एवढंच दिसतं, की ज्याच्या घरातला खेळ थांबला, त्या माणसानं इतरांच्या घरांतल्या खेळण्या-भांड्यांवर आयुष्यभर माया केली.

जाताना घरातल्या आजीला बरोबर न्या. आजोबा असतील तर त्यांनाही. काचेपाशी लावलेल्या पाटीवर वस्तूचं नाव मिळतं. पण समईची वात कितपत पुढे सारायची, विळीवर बसताना पाय कुठे दुमडायचा, पुरण वाटायला शेजारच्या कुणाला हाक जायची, हे त्यांना विचारा. आणि ही मंडळी बोलू लागली की पुढच्या दालनाची घाई करू नका.