मुकी घंटा

दारावरची घंटा बिघडली, हे घरातल्या माणसांना सर्वांत शेवटी कळते. बाहेर आलेला मनुष्य कळ दाबतो, थोडा वेळ वाट पाहतो आणि परत जातो. आत शांतता असते. आणि आज कोणी आले नाही, असाच त्या शांततेचा अर्थ लावला जातो.

येलहंका हे केंपेगौडांच्या घराण्याचे जुने ठाणे. त्यांनी १५३७ मध्ये बंगळूर वसविले, तेव्हा दाराची कडी वाजविली की पुरे होत असे. शिवनसमुद्राच्या धबधब्यावरील वीज १९०५ साली बंगळुरात आली. विजेची घंटा त्याहूनही जुनी: जोसेफ हेन्री या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८३१ मध्ये सुमारे मैलभर तारेच्या टोकाशी विद्युत्‌चुंबकाने घंटा वाजविली होती. आज येलहंक्यातील एखाद्या घरात वृद्ध आईवडील एकटे राहतात, मुलगा पुण्याला असतो, आणि औषध घेऊन येणारा फाटकाशी उभा राहतो. तेथे कडीचा आवाज आत पोचत नाही. सारी भिस्त त्या तारेवर असते.

घंटा वाजेनाशी झाली की पुष्कळजण थेट नवी घंटा आणतात. पण दोष बहुधा घंटेत नसतो. तो शोधण्याचे काम दोघांनी करावे. एकाने बाहेर कळ दाबावी, दुसऱ्याने आत घंटेशी कान द्यावा. नुसती गुणगुण ऐकू आली, तर प्रवाह पोचत आहे; कळ आणि तार निर्दोष आहेत. आतला लोखंडी दांडा धुळीने अडकला आहे. ‘डिंग’ वाजून ‘डाँग’ वाजत नसेल, तर दांडा परत ढकलणारी स्प्रिंग अडली आहे. काहीच ऐकू आले नाही, तर प्रथम घरात वीज आहे ना, फ्यूज शाबूत आहे ना, हे पाहावे आणि मग कळीकडे वळावे. ऊन, पाऊस, मुंग्या आणि असंख्य बोटे हे सारे तीच सोसते.

मात्र एक गोष्ट विसरू नये. आपल्याकडील घंटा बहुधा थेट २३० व्होल्टच्या प्रवाहावर चालते. मेन स्विच बंद करून, टेस्टरने खात्री करून मगच कळ उघडावी. काळवंडलेली पितळी पट्टी बारीक काचकागदाने घासावी, सैल स्क्रू आवळावेत. कळीत पाणी शिरले असेल, तर ती बदलावी. कळ दाबलेलीच अडकली, तर घंटेतील तारेची गुंडाळी तापून जळते. तसा वास आला, तर मात्र घंटाच बदलणे प्राप्त आहे. तार भिंतीतच तुटली असेल, तर वायरमनला बोलवावे.

आणि दुरुस्तीनंतरही महिन्यातून एकदा घरच्याच माणसाने बाहेर जावे, पाहुण्यासारखे फाटकाशी उभे राहावे आणि आपल्याच दाराची कळ दाबून पाहावी. जे ऐकू न आल्याने परत गेले, ते सांगायला पुन्हा येत नाहीत.