तिकीट कुणाच्या घरात जातं?

सभेच्या सतरंज्या आपण अंथरतो, घरोघरी पत्रकं आपण वाटतो. तिकीट मात्र वरून ठरतं.

आपल्या भोकर विधानसभेचंच बघा. २००९ला अशोकराव चव्हाण, २०१४ला अमिताताई, २०१९ला पुन्हा अशोकराव, २०२४ला त्यांची लेक श्रीजयाताई. मधे पक्ष बदलला, काँग्रेसचा भाजप झाला; घर तेच. मतं लोकांनीच दिली, हे खरं. दोन बाया आमदार झाल्या, हेही खरं. पण झेंडा धरणाऱ्या बाईचा नंबर कधी?

जिल्हा परिषद, पंचायत समितीत निम्म्या जागा बायांच्या. जागा राखीव सुटली की पुष्कळदा पुढाऱ्याची बायको नाहीतर सून उभी राहते, आणि आपण तिच्या प्रचाराला. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, तिथं आपलं आपण उभं राहता येतं. पुढं मात्र पक्षाचा एबी फॉर्म मुदतीत लागतो. नाही मिळाला तर अपक्ष.

म्हणून आरक्षणाची सोडत निघाली की त्याच आठवड्यात बसू. आपण सगळ्याजणी एका पक्षाच्या नाही, ठाऊक आहे. जिचा जो पक्ष, तिनं तिथं लेखी तिकीट मागावं, सोबत चार-पाच जणी जाऊ. आणि अर्जाची पोच घ्या. "बघू ताई" ऐकून लई वर्षं गेली.