पिवळं फुलपाखरू खातं काय?



परसबागेत पिवळी फुलपाखरं फार झालीत, औषध मारायचं का, असं पावसाळ्यात गटाच्या बैठकीत कुणी ना कुणी विचारतंच. आमचं म्हणणं, पंप पाठीवर घेण्याआधी फुलपाखरू नीट बघूया.

बांधाच्या गवतातून, जमिनीलगत हेलकावे खात उडणारं, हळदीत बुडवून काढल्यासारखं ते पिवळं. पंखांच्या कडेला काळी किनार. बसलं की पंख मिटतं, मग खालचे बारीक तपकिरी ठिपके तेवढे दिसतात. पंख पसरले तर चार-पाच सेंटिमीटर. पावसाळ्यात किनार रुंद, कोरड्या दिवसांत बारीक, जात तीच. इंग्रजीत कॉमन ग्रास यलो म्हणतात. नावात गवत आहे, पण गवत काही ते खात नाही!

त्याला चावायला तोंडच नाही, सोंड आहे. तिने ते एकदांडीसारख्या फुलांतला रस पितं. ओल्या मातीवर घोळका बसतो तो क्षार शोषायला, आणि त्यात बहुतेक नरच असतात.

पानं खाते ती अळी. पण तिचं ताट ठरलेलं: टाकळा, शेवरी, बाभळीच्या कुळातली झाडं. वांगं, मिरची, भेंडीला ती तोंड लावत नाही. मादी कोवळ्या पानावर एकेक पांढरं अंडं घालते, तांदळाच्या कणीहून बारीक. अळी पानासारखीच हिरवी, म्हणून टाकळ्याची भाजी खुडताना नजरेतून सुटते. भाजी तेवढी निवडून, दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या.

लिंबावर आणि कढीपत्त्यावर अळ्या दिसतात, त्या दुसऱ्याच फुलपाखराच्या. ते मोठं, काळ्यावर फिकट पिवळे ठिपके, मागच्या पंखावर लाल डाग. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी, मोठी हिरवीगार. बोट लावलं की डोक्यामागून शिंगं काढून उग्र वास सोडते. मोठं झाड तिला सोसतं, लहान रोप मात्र पार बोडकं होतं. विकायला रोपं करणाऱ्या गटांना हे चांगलंच माहीत असेल. पण कढीपत्ता आपण तोडून तसाच फोडणीत टाकतो, त्यावर विषारी औषध आम्हाला पटत नाही. सकाळी अळ्या हातानं वेचा, साबणाच्या पाण्यात टाका. कोवळ्या पानांवर मोहरीएवढी पिवळसर गोल अंडी दिसली, तर तीही काढा.