हळद, साबण आणि लिंबाची फोड

मी दिवसभर कंप्युटरसमोर बसणारा माणूस, चित्रकलेवर काय बोलणार? पण मागच्या सुट्टीत बाळापूरला घरी आलो होतो. चार वर्षांच्या मुलीला मोबाइल दिला नाही, तर तिने हळदीचा डबा उघडला. अम्मीची पांढरी चादर पिवळी. अम्मीने साबण लावला तर डाग लाल! अम्मी घाबरली, पोरगी टाळ्या वाजवायला लागली.

त्यात जादू नाही. हळदीतलं कर्क्युमिन साबण-सोड्याने लाल होतं, आंबटाने परत पिवळं. (चादर उन्हात घातली, डाग फिका पडला.)

मग आम्ही तोच खेळ मांडला. बाळापुरात एकेकाळी हातकागद बनायचा. आम्ही जुन्या वह्यांची कोरी पानं घेतली. हळदीचं पाणी फासून वाळवलं. काडीला कापूस गुंडाळून साबणाच्या पाण्याने रेघा ओढल्या, लाल उमटल्या. चुकलं की लिंबाची फोड फिरवायची. पानाचा चुना मात्र नको, लेकरांच्या डोळ्यात गेला तर भारी पडेल. भेंडी आडवी कापून बिटाच्या रसात बुडवली की फुलाचा ठसा येतो.

अम्मी लांबूनच बघत होती. तिच्या लहानपणी रंग म्हणजे फालतू खर्च. तिसऱ्या दिवशी तिने काडी मागितली आणि किल्ल्याचा बुरूज काढला, जरा वाकडाच. मुलगी लिंबू घेऊन धावली, तर अम्मीने कागद छातीशी धरला.