मोजपट्टी कोणाची?
(शिक्षक-पालक मेळाव्यातील भाषण)



मुलाला माणसाचे चित्र काढावयास सांगून त्यावरून त्याची बुद्धी मोजता येते, असा सिद्धांत अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी १९२६ साली मांडला. मान आहे काय, बोटे पाच आहेत काय, वस्त्रे दाखविली आहेत काय, अशा ५१ मुद्द्यांवर गुण द्यावयाचे. भाषेची अडचण नसल्याने ही चाचणी सर्व जगाला सारखीच लागू पडेल, असा समज पसरला.

तो टिकला नाही. १९४२ साली वेन डेनिस यांनी अमेरिकेतील होपी या मूळ रहिवासी समाजातील मुलांची चित्रे तपासली. मुलगे मुलींच्या पुष्कळ पुढे निघाले. त्या समाजात मूर्ती कोरणे, रंगविणे हे पुरुषांचे काम. तेथे बुद्धीचा नव्हे, सरावाचा आणि संस्काराचा फरक होता. पुढे १९५० साली खुद्द गुडइनफ यांनीच डेल हॅरिस यांच्यासमवेत लिहिले, की संस्कृतिनिरपेक्ष चाचणीचा शोध हा भ्रम आहे. या प्रामाणिकपणाला आपण दाद दिली पाहिजे.

अलीकडच्या अभ्यासांतही हेच दिसते. जर्मनीच्या शहरांतील मुले माणूस मोठा आणि हसरा काढतात, तर कॅमेरूनमधील न्सो शेतकऱ्यांची मुले लहान आकृती व शांत चेहरा काढतात. जेथे व्यक्तीचे वेगळेपण जोपासले जाते तेथे आकृती मोठी होते. जेथे समूहात मिसळून राहणे हा गुण मानतात तेथे ती लहान होते.

आता आपल्या पालघरकडे पाहा. वारली चित्रातील माणूस म्हणजे टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण. त्याला नाक-डोळे नाहीत, पण तो तारपा वाजविणाऱ्याभोवती फेर धरून नाचतो. लग्नघरी सुवासिनी रेखाटत आल्या ती ही कला जिव्या सोमा मशे यांनी जगापुढे नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. याच वारशात वाढलेल्या वनवासी बालकाने असा माणूस काढला, तर ५१ मुद्द्यांची मोजपट्टी त्याला मंद ठरवील. हा त्या बालकावर अन्याय आहे. बडोद्याच्या प्रमिला फाटक यांनी भारतीय मुलांसाठी या चाचणीची स्वतंत्र मानके तयार केली, ती या जाणिवेतूनच.

मात्र परकीय मोजपट्टीला दोष देऊन आपली सुटका होत नाही. याच डेनिस यांनी १९६६ साली अनेक देशांतील चित्रांवरून दाखविले, की मुले भोवतालचा नव्हे, तर समाज ज्याला मान देतो तो माणूस काढतात. पारंपरिक वेष घालणाऱ्या समाजांतील मुलांनीही पुष्कळदा आधुनिक पोशाखातील माणूस काढला होता. आपल्या मुलांच्या कागदावर शेतकरी, कुंभार, आजी येत नसतील, तर आपण घरात कोणाचा मान राखतो, हे आपणच तपासावे.

शिक्षकांना एकच विनंती. चित्राला गुण देण्यापूर्वी मुलाला विचारा, "हा कोण आहे रे?" त्याचे उत्तर ऐकून मगच लाल पेन उचला.